एका घरात दोन चुली

पालघरच्या मासळीबाजारात हेमालीचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. पापलेट ताजं दिसत नाही, असं कुणी गिऱ्हाईक नुसतं पुटपुटलं तरी ती मासा उचलायची, कल्ला उघडून आतला लालभडक रंग दाखवायची आणि म्हणायची, "बघा साहेब. हा काल सांजपर्यंत तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त फिरत होता." शेजारच्या बायका हसायच्या, गिऱ्हाईकही हसायचं आणि मासा पिशवीत जायचा. तिच्या तोंडी लागायचं नाही, एवढं बाजाराला कळून चुकलं होतं.

सातपाटीच्या मांगेला कोळ्यांच्या घरात मात्र या आवाजाचा कुणाला पत्ता नव्हता. चिंचणीची ही मुलगी लग्न होऊन सातपाटीत आली, तेव्हापासून सासूच्या शब्दाखाली वागली. सासू रखमाबाई. नवरा लवकर गेला, तरी दोन मुलगे वाढवून उभे केलेली बाई. थोरला धीरज, म्हणजे हेमालीचा नवरा, बोटीवर जायचा. धाकटा मनीष बोईसरच्या एका कारखान्यात पाळीवर. रखमाबाईंचा एकच हट्ट होता. जेवताना सगळ्यांनी एका ओळीत बसायचं. मधोमध कालवणाचा टोप, तव्यावरून थेट ताटात येणारी तळलेली तुकडी, चिंबोऱ्या असल्या तर त्यांच्या नांग्या फोडण्याचा कडकडाट. "माझ्या घरात कोन एकटा जेवत नाय," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगायच्या.

आणि अशा घरात प्रतीक्षा जन्मली.

लहानपणी ती फक्त गप्प होती. हाक मारली तरी बघायची नाही, पंख्याकडे मात्र तासन्‌तास बघायची. अंगणवाडीतल्या बाईंनी सुचवलं म्हणून हेमाली तिला पालघरच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेली. त्यांनी बऱ्याच भेटींनंतर ऑटिझम हा शब्द सांगितला. गावात त्या शब्दाचं काय काय झालं! कुणी म्हणालं वारं लागलं, कुणी म्हणालं मोबाइल दाखवला म्हणून. रखमाबाईंनी देवीला नवस बोलून टाकला. हेमाली तो शब्द पाठ करून घरी आली आणि त्याच्याबरोबर राहायला शिकली.

खरी लढाई ताटावर होती. प्रतीक्षाला मासळीचा वास सोसायचा नाही. कालवणाला फोडणी बसली की ती कान झाकून घ्यायची, जणू वाससुद्धा तिला ऐकू येत होता. ओळीत बसवलं तर नांगी फुटल्याच्या आवाजानं किंचाळायची. खायची ती तांदळाची भाकरी. पांढरी, गोल, कुठे डाग नसलेली. ताटात आली की आधी तिच्यावर तळहात ठेवायची, ऊब घ्यायची, मग कडेकडेनं तोडत आत यायची. सोबत कोरडा भात, आणि उन्हाळ्यात ताडगोळे. बस. भाकरी मोडलेली असली तर तिच्या लेखी ती भाकरीच नव्हे. "गोल?" एवढा एक शब्द ती विचारायची. हेमाली म्हणायची, "गोल." मग जेवण सुरू.

हेमाली बाजारातून आली की आधी मागच्या दारी आंघोळ करायची, लुगडं बदलायची, लिंबाची साल हातावर चोळायची आणि मगच मुलीजवळ जायची. याची तिनं कधी तक्रार केली नाही. पण रखमाबाईंना बघवत नव्हतं.

"मांगेल्याच्या घरची पोर आनि मासळीला नाक मुरडते? कोनी ऐकलं तर तोंडात शेन घालंल."

"ती नाक मुरडत नाय, आई. तिला खरंच सोसत नाय."

"सोसत नाय म्हनजे काय? सवय लावली की सगलं सोसतं. नाक दाबलं की तोंड उघडतं."

म्हण म्हणून बोलल्या असत्या तर ठीक. पण एक दिवस त्यांनी खरंच नाक दाबलं. हेमाली पाणी भरायला गेली होती. परत आली तर प्रतीक्षा सासूच्या मांडीत अडकलेली, रखमाबाईंच्या एका चिमटीत तिचं नाक आणि दुसऱ्या हातात कालवणात कुस्करून मऊ केलेला भाताचा घास. घास आत गेला आणि दुसऱ्या क्षणी सगळा बाहेर आला, आधीच्या भाकरीसकट. पोर खाटेखाली शिरली ती अंधार पडेपर्यंत बाहेर आली नाही.

हेमालीनं फरशी पुसली. फडकं पिळताना तिच्या लक्षात आलं की आपले दात आवळलेले आहेत.

रखमाबाई दुष्ट नव्हत्या, हे इथे सांगायला हवं. नातीच्या काटकुळ्या हातांकडे बघून त्यांचा जीव तुटायचा. दूध नाही, डाळ नाही, मासळी नाही, मग या पोरीची हाडं भरायची कशानं? नाक दाबून जमलं नाही, तेव्हा त्यांनी दुसरी वाट काढली. एक दिवस हेमाली बाजाराला गेल्यावर त्यांनी सुका जवळा, ती बारीक कोळंबी, भाजला, पाट्यावर त्याची पिठासारखी पूड केली आणि ती भाकरीच्या पिठात मिसळली. अगदी चिमूटभर. पोरीच्या पोटात चार बरे कण जावेत, एवढाच हेतू.

त्या दुपारी प्रतीक्षानं भाकरीवर हात ठेवला, तोंडाजवळ नेली आणि ताटात परत ठेवली. मग ताट दोन्ही हातांनी दूर सारलं.

संध्याकाळी हेमालीनं स्वतः भाकरी केली. प्रतीक्षानं तीही सारली. तिनं "गोल?" विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी भातही नको. ताडगोळ्यांचा हंगाम सरला होता. नुसतं पाणी प्यायची आणि भिंतीला कपाळ टेकून बसायची. हेमाली विनवत होती, गाणी म्हणत होती, एकेक भाकरी अधिक गोल, अधिक पांढरी करत होती. काय बिघडलं ते कळेना. पोर मलूल पडली, ओठ सुकले, तेव्हा मनीषनं रिक्षा आणली आणि तिला पालघरच्या दवाखान्यात दाखल केलं. हाताला सलाईन लावलं. रखमाबाई पदर तोंडाला लावून बाकावर बसून राहिल्या, एकदाही उठल्या नाहीत.

मुलीचे कपडे आणायला हेमाली घरी आली. एक भाकरी करून न्यावी म्हणून फडताळातून पिठाचा डबा काढताना तिला मागे एक छोटी बरणी दिसली. झाकण उघडलं. आत तांबूस पूड. दिवसभर मासळीत हात असणाऱ्या बाईला दुसरं कुणी सांगायची गरज नव्हती. भाजलेला जवळा. तिनं परात हुंगली, तवा हुंगला. मग तशीच खाली बसली.

दवाखान्यात परतल्यावर तिनं ती बरणी सासूच्या मांडीवर ठेवली. रखमाबाईंनी बघितलं आणि मान खाली घातली.

"मी तिच्या भल्यासाठीच..."

"ठावं हाय," हेमाली म्हणाली. "म्हनून भांडत नाय. पन आज सांगते, आई. यापुढं माझ्या पोरीचं ताट माझ्याबिगर कोन लावनार नाय. तुमी नाय, देव आला तरी देव नाय."

लग्नानंतर पहिल्यांदा सासूनं तिचा बाजारातला आवाज ऐकला. बाजूच्या खाटेवरचे लोकसुद्धा वळून बघायला लागले.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या हेमालीला म्हणाल्या, "तिला जगात एकाच अन्नाचा भरवसा होता. तो गेला. आता लपवाछपवी नको, जबरदस्तीही नको. जे कराल ते तिच्या डोळ्यांदेखत करा. वेळ लागेल."

डोळ्यांदेखत करायचं तर जागा हवी, आणि ज्यांच्यात कधी मासळी शिजली नाही अशी भांडी हवीत. हेमालीनं घरामागे, किनाऱ्यावरच्या बोंबील सुकवायच्या मांडवांकडून वारा येणार नाही अशा बाजूला, विटा रचून माती लिंपली आणि चूल घातली. पालघरच्या बाजारातून नवा तवा आणला, नवी परात आणली, तांदळाच्या पिठाला वेगळा डबा केला. समोर एक पाट मांडला आणि प्रतीक्षाला त्यावर बसवलं. तिनं पीठ हातात घेऊन दाखवलं. पाणी दाखवलं. उकड काढली, मळली, थापली, तव्यावर टाकली. भाकरी टम्म फुगली. प्रतीक्षानं बघितलं आणि तोंड फिरवलं.

हेमालीनं विनवलं नाही. ती भाकरी तिनं स्वतः खाल्ली, कोरडी, तिच्यासमोर बसून. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भाताच्या पेजेवर आणि दवाखान्यातून दिलेल्या पावडरीवर पोर कशीबशी तग धरून होती, तीही पेज याच चुलीवर, तिच्यासमोर शिजायची. कितीतरी दिवस हेच चाललं. एका सकाळी हेमाली भाकरी तव्यावरून उतरवत होती, तेव्हा एक छोटा हात पुढे आला आणि गरम भाकरीवर टेकला.

"गोल?"

"गोल."

प्रतीक्षानं कडेचा तुकडा तोडला, हुंगला, परत हुंगला आणि खाल्ला. त्या दिवशी हेमाली बाजाराला उशिरा गेली. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

पण गावाला सांगावं लागत नाही. धीरजच्या घरात चुली वेगळ्या झाल्या, ही बातमी बंदरापर्यंत जाऊन परत आली. सून सासूच्या हातचं खात नाही. सून आता शाकाहारी झाली. सुनेनं घर फोडलं. चुलतसासरे कृष्णकांत, ज्यांच्या शब्दाला भावकीत वजन, ते एका संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले.

"सूनबाई, घर फुटलं असं ऐकतो."

"घर नाय फुटलं, काका. एका चुलीच्या दोन झाल्या. मी दोन्हीकडं रांधते."

"मांगेल्याच्या घरात मासळीचा विटाळ कधीपासून?"

"विटाळ कसला? मासळी मी विकते, मासळी मी खाते. या हातांनी पाटी उचलली नाय तर बोटीचं डिझेल निघत नाय. पन माझी पोर जे खाते ते तिला देनार. तिनं मासळी खावी म्हनून ती उपाशी मरावी का?"

"एका पोरीपायी..."

"एकच हाय ना," हेमाली म्हणाली. "म्हनूनच."

कृष्णकांत चहा न घेता उठले. धीरज तेव्हा समुद्रात होता. परत आल्यावर त्याला काकांचं येणं कळलं आणि तो मागच्या चुलीजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "काकांना तेवढं तोडून बोलायला नको होतं." हेमाली म्हणाली, "मग तूच सांग, कसं बोलू?" त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं.

त्या वर्षी मनीषचं लग्न ठरलं. नवरी स्वाती, केळव्याकडची. दारात मांडव पडला, बेंजोवाले आले, हळदीला सगळी भावकी लोटली. लग्नाच्या आदल्या दिवशी कृष्णकांतांनी धीरजला बाजूला घेतलं आणि धीरज उतरल्या चेहऱ्यानं हेमालीकडे आला.

"काका म्हनतात, पंगतीच्या टायमाला प्रतीक्षाला सुलूकाकीकडं ठेवू. नवरीकडची मानसं असतील. पोर ओरडली, ताट फेकलं, तर उगाच चर्चा. एका दिवसाचा प्रश्न हाय, हेमा."

सुलूकाकी शेजारच्याच घरातली. दार बंद केलं की बेंजोही कमी ऐकू आला असता. कदाचित प्रतीक्षाला तिथेच बरं वाटलं असतं, हे हेमालीलाही कळत होतं. काकांनी तिच्या कानांचा विचार करून म्हटलं असतं तर ती स्वतःच तिला उचलून घेऊन गेली असती.

"तिला आवाज सोसनार नाय म्हनून ठेवायचं, का लोकांना ती सोसनार नाय म्हनून?" तिनं विचारलं.

धीरज मांडवाच्या दोरीची गाठ घट्ट करायला लागला.

"घरातल्या लग्नात घरची पोर कोंडायची नाय. ती कंटाळली तर मी नेईन. कोनाच्या लाजंपायी नेनार नाय."

लग्नाच्या दिवशी पंगत बसायला लागली, तेव्हा लोकांनी एक नवल बघितलं. घरची थोरली सून, अंगावर जरीची साडी, नाकात नथ, मांडवाच्या टोकाच्या खांबाजवळ तीन विटा मांडत होती. तिनं जाळ केला, तवा ठेवला आणि तिथेच उकिडवी बसून भाकरी थापायला लागली. समोर पाटावर प्रतीक्षा, नवा फ्रॉक, डोक्यावर भर उन्हाळ्यात लोकरीची कानटोपी, पाठ पंगतीकडे. वाढपी थबकले. नवरीकडच्या बायकांच्या माना एकीकडे झुकल्या.

नवरीची एक म्हातारी आत्या सरळ विचारून मोकळी झाली, "गे बाय, ही भाकर कोनाला?"

हेमालीनं पिठाचे हात झटकले आणि ज्या आवाजात ती बाजारात मासा विकायची त्या आवाजात, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं, "माझ्या मुलीला. तिला ऑटिझम हाय. तिला मासळीचा वास सोसत नाय, गडबड सोसत नाय, मोडकी भाकर चालत नाय. पन ती नवऱ्याची सख्खी पुतनी हाय, तवा ती या पंगतीला जेवनार. कोनाला आनखी काय विचारायचं असंल तर आताच विचारा, मंग मला भाकर करपवायची नाय."

कृष्णकांत पानावरून उठले. वाढलेलं पान तसंच टाकून, हातही न धुता, ते मांडवाबाहेर निघाले. भरल्या पंगतीतून मोठं माणूस उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं. सगळा मांडव रखमाबाईंकडे बघायला लागला. त्या भाताचं पातेलं घेऊन मधोमध उभ्या होत्या. हेमालीनंही बघितलं. सासू आता आपल्यालाच उठवणार, अशी तिची खात्री होती.

रखमाबाईंनी दिराच्या पाठीकडे पाहिलं, मग पातेलं कमरेवर सावरलं.

"ज्याला उठायचं तो उठला," त्या म्हणाल्या. "बाकीचे जेवा. भात गार होतो."

आणि पुढच्या पानावर त्यांनी भात वाढला.

प्रतीक्षानं भाकरीवर हात ठेवला होता. कडेकडेनं खात ती अर्ध्यावर आली आणि नेमका तेव्हाच बेंजो कडाडला. पोर किंचाळली. ताट उडालं, भाकरी मातीत गेली, कानटोपीवर दोन्ही हात दाबून ती मागेपुढे झुलायला लागली. जे होऊ नये म्हणून सगळे धास्तावले होते ते झालंच. हेमाली तिला कवेत घेणार, एवढ्यात तिच्या बाजूनं कुणीतरी धावत गेलं. धीरज होता. तो बेंजोवाल्यांसमोर जाऊन उभा राहिला आणि वाऱ्यावर बोट हाकताना ओरडावं तसा ओरडला, "बंद! पंगती उठेपर्यंत एक सूर काढायचा नाय!"

मांडव चिडीचूप झाला. मग हळूहळू पानांवर बोटांचे आवाज सुरू झाले. हेमालीनं दुसरी भाकरी थापली. प्रतीक्षानं तिला हात लावला नाही, पण ती पाटावरून उठलीही नाही. पंगत संपेपर्यंत तिथेच झुलत बसली, आणि हेमाली तिच्याशेजारी, नथ सांभाळत, काजळीनं हात काळे झालेली.

त्यानंतर कृष्णकांत त्या घराची पायरी चढले नाहीत. भावकीतल्या दोन-तीन घरांनी आमंत्रणं बंद केली. हेमालीला त्याचं वाईट वाटत नाही असं नाही. धीरजला जास्त वाटतं, कारण बोटीवरची अर्धी माणसं त्याच भावकीतली. रखमाबाई अजून कुरकुरतात, सरपण दुप्पट लागतं म्हणून, नवस फळला नाही म्हणून. जवळ्याच्या पुडीबद्दल त्यांनी कधी माफी मागितली नाही आणि हेमालीनंही कधी मागायला लावली नाही. पण चिंबोऱ्या आणल्या तर त्या आता पोर झोपल्यावर फोडतात. आणि नवी सून स्वाती एकदा घाईत बोंबील तळायला मागच्या चुलीवरचा तवा उचलून घेऊन आली, तेव्हा रखमाबाई अशा गरजल्या की बिचारीच्या हातातून तो पडलाच. "ठेव तो! पोरीचा तवा हाय!"

प्रतीक्षा आता नऊ वर्षांची आहे. भाकरी, कोरडा भात, ताडगोळे, आणि अलीकडे कधी लहर लागली तर काकडीची साल काढलेली चकती. एवढंच. डॉक्टरबाई म्हणतात, बरं चाललंय.

परवा सुलूकाकी कुंपणावरून डोकावल्या. मागच्या चुलीवर भाकरी फुगत होती, समोर प्रतीक्षा.

"अजून भाकरीच का गे? मासळी कधी खानार ही?"

"नाय खानार बहुतेक."

"मंग कसं व्हायचं तिचं?"

हेमालीनं भाकरी उलटली, बोटानं दाबून बघितली आणि मान वर न करता म्हणाली, "ती जेवतेय, काकी. तुमी जेवलात का?"